सतरा म्हणजे गुरुवार

ऑगस्ट १९९५चं कॅलेंडर संगणकावर उघडलं आहे असं समजा. ईमॅक्स या जुन्या, जाणकारांच्या लाडक्या प्रणालीत ते तीन महिन्यांचं दिसतं. डावीकडे जुलै, मध्ये ऑगस्ट, उजवीकडे सप्टेंबर. वर महिन्याचं नाव, खाली रविवारपासून वारांची आद्याक्षरं आणि मग आकड्यांच्या ओळी. पाहणाऱ्याला यात शिकण्यासारखं काही नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयानं त्याचे डोळे लहानपणीच तयार केलेले असतात. आता डोळे मिटा आणि पडद्यावरच्या ओळी जशाच्या तशा वाचून घ्या. आकड्यांची तिसरी ओळ अशी ऐकू येईल : नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा.

वाचणाऱ्यानं एकही चूक केलेली नाही. जे लिहिलं होतं, ज्या क्रमानं लिहिलं होतं, ते त्यानं इमानेइतबारे सांगितलं. ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र काहीच पडलं नाही. तेरा तीनदा येऊन गेला. त्यातला ऑगस्टचा कोणता? सतरा एकदाच आला, पण त्या दिवशी वार कुठला? ते कळायला तीन ओळी वर जाऊन आद्याक्षरं मोजत यावं लागेल, तीही कानानं.

त्याच सतरावर ईमॅकस्पीकमध्ये, म्हणजे ईमॅक्सला बोलतं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कर्सर नेला की आवाज येतो : गुरुवार, ऑगस्ट १७, १९९५. बोलतो अर्थात इंग्रजीत, पण सांगतो एवढंच आणि थांबतो.

या दोन वाचनांमधल्या फरकात मला एका माणसाचं सगळं काम दिसतं. कॅलेंडर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला सतरा तारखेला गुरुवार आहे हे आधीपासून माहीत असतं. त्याशिवाय तो आकडा योग्य रकान्यात टाकूच शकला नसता. चित्र काढताना त्यानं ती माहिती जागेच्या भाषेत लिहिली. ‘डावीकडून पाचवा रकाना’ म्हणजे गुरुवार. पडदा वाचून दाखवणारा जुन्या पद्धतीचा स्क्रीन रीडर चित्र काढून झाल्यावर तिथं पोचायचा आणि चित्रातून अर्थ उकरत बसायचा. ईमॅकस्पीक चित्राच्या वाटेला जातच नाही. तो थेट प्रोग्रॅमला विचारतो, बाबा रे, आपण आत्ता कुठे आहोत?

ईमॅकस्पीक लिहिणारे टी. व्ही. रामन पुण्याचे. जन्म १९६५चा. दृष्टी जन्मतःच अधू. डाव्या डोळ्यानं जे काही दिसायचं तेही काचबिंदूनं वयाच्या चौदाव्या वर्षी गेलं. पाठ्यपुस्तकं भाऊ वाचून दाखवायचा. नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते पवईच्या आयआयटीत गेले. तिथंही पुस्तकं स्वयंसेवक वाचून दाखवत. रुबिकच्या क्यूबवर ब्रेलच्या खुणा करून तो बोटांनी झपाट्यानं सोडवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. आयआयटीतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी ‘काँग्रॅट्स’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आलेखावरची वक्ररेषा तो ऐकवायचा. पुढच्या सगळ्या कामाचं बी मला या विद्यार्थी-प्रकल्पातच दिसतं. वक्ररेषा ‘आधी वर जाते, मग खाली येते’ असं तिचं वर्णन करून भागलं असतं. रामन यांना वर्णन नको होतं, रेषाच हवी होती.

ज्यानं उभं शिक्षण दुसऱ्याच्या वाचनावर घेतलं, त्याला चांगला वाचक आणि वाईट वाचक यांतला फरक जितका कळतो तितका स्वतः वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना कळत नसावा. गणित वाचून दाखवणं तर फारच अवघड. फळ्यावर लिहिलेलं समीकरण डोळा एका नजरेत पाहतो. कुठे मोठी भागाकाराची रेघ आहे, कुठे वर्गमूळाचं छप्पर किती लांब पसरलंय, कुठला अंक कोणाच्या डोक्यावर बसलाय, हे आधी कळतं आणि तपशील नंतर. वाचणारा मात्र डावीकडून सुरुवात करतो आणि एकेक चिन्ह सांगत जातो. ‘एक्सचा एन घात अधिक एक’ असं कुणी म्हटलं, तर तो अधिक एक घातात आहे की खाली जमिनीवर? कागदावर ही दोन वेगळी पदं आहेत. तोंडून निघताना दोन्हींचं वाक्य एकच होतं. मग वाचणारा ‘कंस सुरू’, ‘कंस पूर्ण’ अशी पुस्ती जोडतो आणि चार-पाच कंस झाले की ऐकणाऱ्याचं डोकं कंस मोजण्यातच गुंतून पडतं.

रामन यांनी कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड ग्रीस यांच्या मार्गदर्शनाखाली १९९४ साली पीएच. डी. पूर्ण केली ती यावर. प्रबंधाचं आणि प्रोग्रॅमचं नाव ‘ऑडिओ सिस्टिम फॉर टेक्निकल रीडिंग्ज’, आद्याक्षरं जुळवून ‘ॲस्टर’. ॲस्टर हे त्यांच्या वाटाड्या श्वानाचंही नाव, लॅब्रॅडॉर. त्या वर्षीचा एसीएम संस्थेचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार याच कामाला मिळाला.

ॲस्टरनं वरचा गुंता कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. त्यानं शब्द वाढवले नाहीत. घात आला की बोलणारा आवाज थोडा वर चढतो. पादांक आला की खाली उतरतो. ‘एक्स’ मूळ सुरात, ‘एन’ वरच्या सुरात. आता ‘अधिक एक’ वरच्याच सुरात ऐकू आलं तर ते घातात आहे, मूळ सुरावर उतरून आलं तर नाही. कंस गेले. घाताला घात असेल तर सूर आणखी एक पायरी चढतो, कारण प्रत्येक चढ हा आधीच्या सुराच्या हिशेबानं मोजलेला असतो, कुठल्या ठरावीक पट्टीला बांधलेला नसतो. मला या कामातलं सर्वांत देखणं कलम हेच वाटतं. कागदावर घातांक वर आणि बारीक लिहितात. कानाला वर-खाली म्हणजे सुराचं वर-खाली. छपाईच्या जुळाऱ्यांनी जे दोन-तीनशे वर्षं घासूनपुसून तयार केलं त्याचा भाव रामन यांनी उचलला, पण साधन कानाचं घेतलं.

सारणी किंवा आव्यूह असेल तर आवाज जागा बदलतो. ओळीतला पहिला घटक डाव्या कानात, मधला मध्ये, शेवटचा उजवीकडे. ओळ संपली की आवाज पुन्हा डावीकडे. ‘दुसरी ओळ, तिसरा स्तंभ’ असं पालुपद लावण्याची गरज उरत नाही.

याहून खोल एक गोष्ट त्यात आहे. लांबलचक समीकरण सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचत गेलं तर शेवटाकडे येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. ॲस्टर अशा वेळी आतले अवघड तुकडे बाजूला काढतो, त्यांना नावं देतो, आधी नुसता सांगाडा ऐकवतो आणि मग ‘जिथे अमुक म्हणजे हे’ असं म्हणून तुकडे उलगडतो. उत्तम शिक्षक फळ्यासमोर उभा राहून नेमकं हेच करतो. शिवाय श्रोत्याला सूत्राच्या आत फिरता येतं : या अंशात उतर, छेदाकडे जा, वर ये, पुढच्या पदाकडे चल. आणि माथ्यावरच्या चिन्हाचा अर्थ विषयानुसार बदलतो हेही या प्रोग्रॅमला शिकवता येतं. आव्यूहावर लिहिलेला ‘टी’ हा घात नसतो. तिथं ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल अभिप्रेत असते. साध्या वाचकाला ते ठाऊक नसतं, तो ‘एचा टी घात’ म्हणून मोकळा होतो. ॲस्टरला सांगून ठेवलं की तो तसं म्हणत नाही.

एक बारीकशी सोय मला फार आवडते. पुस्तकात ‘समीकरण २.४ पाहा’ असं येतं. डोळस वाचक पानं उलटून पाहतो. ऐकणाऱ्यानं काय करायचं? ॲस्टर समीकरण पहिल्यांदा येतं तेव्हाच श्रोत्याला विचारतो, याला तू काय म्हणशील? श्रोता आपल्याला लक्षात राहील असं नाव देतो आणि पुढे जिथं जिथं ‘२.४’ येईल तिथं ते नाव ऐकू येतं. लेखकाच्या क्रमांकांपेक्षा ऐकणाऱ्याच्या स्मरणशक्तीचा मान मोठा. रामन यांच्या प्रबंधाची श्राव्य आवृत्तीही ॲस्टरच्याच तोंडून तयार झाली.

आवाजाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण पहिल्यांदा ऐकणारे डोळस लोक इथंच नाक मुरडतात. हे काम उभं राहिलं ते ‘डेकटॉक’ या यंत्रावर. एमआयटीतले डेनिस क्लॅट यांच्या संशोधनातून आलेला तो आवाज. स्टीफन हॉकिंग यांचा जगाला ओळखीचा आवाजही त्याच घराण्यातला. धातूची किनार असलेला, कोरडा. भावना शून्य. आज माणसासारखे हुबेहूब बोलणारे आवाज फुकट मिळत असताना अनेक अंध वापरकर्ते अजून अशाच कोरड्या आवाजांना चिकटून आहेत आणि त्यात त्यांची रसिकता कमी पडते असं अजिबात नाही. हा आवाज सूत्रांतून घडवलेला असल्यामुळे त्याचा सूर, जाडी, ठसका नेमक्या मापानं बदलता येतो. सुराची पायरी हवी तेवढीच चढते. आणि वेग. सरावलेला कान हे बोलणं नेहमीच्या तिप्पट वेगानं ऐकतो. आपल्याला ती नुसती चरचर वाटते. त्या वेगात गोड, मानवी आवाज विरघळून जातो. कोरड्या आवाजाची व्यंजनं मात्र टिकतात.

ॲस्टर हा कागदासाठी होता, म्हणजे लिहून झालेल्या मजकुरासाठी. १९९५ साली आलेला ईमॅकस्पीक रोजच्या कामासाठी आहे : पत्रं, कोड, फायली, आंतरजाल. ‘ब्यूटिफुल कोड’ नावाचं एक पुस्तक २००७ साली निघालं. नावाजलेल्या प्रोग्रॅमरांनी आपल्याला सुंदर वाटलेल्या कोडवर लिहिलेल्या लेखांचा तो संग्रह. त्यात रामन यांचं ईमॅकस्पीकवर एक प्रकरण आहे. कोडला सुंदर म्हणणं ज्यांना अतिशयोक्ती वाटते त्यांनी यातली एक-दोन कलमं पाहावीत. हा कोड ज्या लिस्प भाषेत आहे ती येत नसली तरी चालेल, मी मराठीत सांगतो.

पहिलं कलम बाण-कळीचं. ईमॅक्समध्ये खालच्या ओळीवर जाण्याची एक आज्ञा आहे. तिला रामन यांनी हात लावलेला नाही. ईमॅक्स त्यांचा नाही. शेकडो लोकांनी लिहिलेला आहे आणि त्यातल्या बहुतेकांच्या मनात अंध वापरकर्ता कधी आलाही नसेल. लिस्पमध्ये ‘ॲडव्हाइस’ नावाची एक तरतूद आहे. दुसऱ्याच्या आज्ञेला बाहेरून आपला जोड देता येतो, तिचा मूळ कोड न बदलता. रामन यांचा जोड ऐका : खालच्या ओळीवर जाण्याचं काम झालं, की त्यानंतर, ते काम माणसानं स्वतः कळ दाबून करवलं असेल तरच, ही ओळ बोलून दाखव.

सगळी गंमत त्या ‘तरच’मध्ये आहे. ईमॅक्सच्या पोटात ही आज्ञा इतर प्रोग्रॅमही आपापल्या कामासाठी सतत वापरत असतात. एखादा शोध घेताना शेकडो ओळी ओलांडल्या जातात. ही अट नसती तर त्या प्रत्येक ओळीला आवाज फुटला असता आणि पहिल्या पाच मिनिटांत वापरणाऱ्यानं कानावर हात ठेवले असते. बोलण्याची अट जेवढी महत्त्वाची तेवढीच गप्प बसण्याची. गायकाच्या मागून जाणारा पेटीवाला ज्या समजुतीनं जागा सोडतो ती समजूत एका अटीत लिहिलेली आहे.

दुसरं कलम खोडण्याचं. मागचं अक्षर खोडण्याची कळ दाबली की ते अक्षर बोलून दाखवायचं आहे. पण इथं ‘काम झाल्यानंतर’ म्हणून चालत नाही. काम झाल्यावर अक्षरच शिल्लक नसतं. म्हणून या जोडाचा क्रम उलटा : आधी एक बारीक टिंग, मग जाणाऱ्या अक्षराचा उच्चार, आणि मग खोडणं. ओळीवर पोचल्यावर बोलायचं, अक्षर जाण्याआधी बोलायचं. दोन्हीकडे तंत्र एकच, आधी-नंतरचा विवेक वेगळा. असे शेकडो जोड आहेत आणि प्रत्येकात कुणीतरी बसून विचार केलेला दिसतो, की या क्षणी माणसाला काय हवं असेल.

रिकामी ओळ आली तर आवाज ‘रिकामी ओळ’ असं म्हणत नाही. एक छोटा सूर वाजतो. नुसत्या मोकळ्या जागांनी भरलेली ओळ असेल, म्हणजे डोळ्याला तीही रिकामीच दिसेल, तर सूर वेगळा. इथं ऐकणाऱ्याला पाहणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. नुसत्या रेघा मारून नटवलेली ओळ असेल तर तिसरा सूर, ‘डॅश डॅश डॅश डॅश’चं पारायण नाही. कोडमधली टिपणी एका आवाजात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या, खुद्द आज्ञा तिसऱ्या. छापील पानावर ठळक-तिरपं असतं तसंच, फक्त कानासाठी. फाइल उघडली, बंद झाली, निवड झाली, चूक झाली, प्रत्येकाला आपापला क्षणभराचा ध्वनी, बहुतेकदा बोलण्याच्या सोबतीनं, म्हणजे वेळही जात नाही.

वेबपानांचा विषय निघाला की सुगम्यतेबद्दलची बरीचशी चर्चा नियमावलीत अडकते. नियमावली हवीच. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची पहिली मार्गदर्शक तत्त्वं मे १९९९मध्ये आली. चित्राला पर्यायी मजकूर द्या, फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला नाव द्या, शीर्षकं शीर्षकं म्हणून लिहा. यांतलं प्रत्येक कलम सतरा तारखेच्याच जातीचं आहे. एखाद्या शब्दाचा आकार मोठा आणि ठळक करून पाहणाऱ्याला तो शीर्षक वाटला, तरी आत ‘हे शीर्षक आहे’ असं लिहिलेलं नसेल तर ऐकणाऱ्यासाठी शीर्षक नसतंच. भिंगाचं चित्र काढलं आणि त्याला ‘शोधा’ असं नाव दिलं नाही, की स्क्रीन रीडर म्हणतो ‘बटण’. पाच चित्रं असली तर बटण, बटण, बटण, बटण, बटण. आजचे स्क्रीन रीडर पडदा खरवडत नाहीत; ब्राउझरकडून ते प्रत्येक गोष्टीचं नाव, काम आणि अवस्था मागून घेतात. विचारण्याची ही रीत रामन यांच्या रीतीच्या बरीच जवळची आहे. पण विचारल्यावर सांगायला कुणीतरी काही लिहून ठेवलेलं असावं लागतं ना! वेबएम संस्थेनं २०२४ साली दहा लाख मुखपृष्ठं यंत्रानं तपासली, त्यांतल्या ९५.९ टक्के पानांत मार्गदर्शक तत्त्वांचा निदान एक तरी भंग सापडला. आणि हे यंत्राला सापडणारे. ‘चित्र १’ असा निरर्थक पर्यायी मजकूर यंत्राच्या चाळणीतून सहज निसटू शकतो.

मराठीपुरतं बोलायचं तर आमच्याकडे हा प्रकार आणखी रंगतदार झाला. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्याला सुंदर वळणदार ‘महाराष्ट्र’. कानाला इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांची मिसळ. स्कॅन करून चढवलेल्या परिपत्रकाचं तर काही विचारू नका. तिथं स्क्रीन रीडरला एक शब्दही सापडत नाही. आकार जपला आणि अर्थ सोडून दिला की काय होतं याचा याहून शुद्ध नमुना मला माहीत नाही. डोळे गृहीत धरण्याची ही खोड मजकुरापुरतीच नाही. बँकांच्या ऑनलाइन ओळख-तपासणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्याची अट अंधांनाही लागू होती. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाला त्यात बदल करण्याचे आदेश द्यावे लागले.

रामन यांना वेबकडून याहून जास्त हवं होतं. पान नुसतं कळावं एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. ते ऐकायला चांगलं वाटावं अशी त्यांची मागणी होती. वेबपानाचा रंग, अक्षराचा आकार, समास ठरवणारी शैलीपत्रकं नुकतीच येत होती. कानासाठीही शैलीपत्रक असावं असा आग्रह त्यांनी धरला आणि विल्यम पेरी यांच्या ईमॅक्समधल्या ब्राउझरबरोबर ते प्रत्यक्षात आणून दाखवलं. शैलीपत्रकांच्या, म्हणजे सीएसएसच्या, १९९८मधल्या दुसऱ्या प्रमाणकात श्राव्य शैलीपत्रकांवर एक अख्खं प्रकरण आहे. आवाज कुणाचा, सूर किती, ठसका किती, बोलण्याआधी किती थांबायचं, आवाज कुठल्या दिशेनं यावा, मागे काय वाजत राहावं. वृत्तपत्राचा मथळा भारदस्त आवाजात, बातमीदाराचं नाव हलक्या, जाहिरात पार दूरच्या कोपऱ्यातून, असं लिहून ठेवता आलं असतं. प्रचलित ब्राउझरांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. २०११च्या सुधारित प्रमाणकात ते प्रकरण मागच्या परिशिष्टात गेलं. मला ही खरी हानी वाटते. नियम पाळून केलेलं आजचं आदर्श पानही कानाला सपाटच लागतं. मथळा आणि तळटीप एकाच आवाजात, मध्ये फक्त ‘शीर्षक, पातळी दोन’ असा पुकारा. अर्थ पोचतो. मांडणीची कला मात्र अजून डोळ्यांच्या मालकीची राहिली आहे.

ईमॅकस्पीकचे दोषही सांगायला हवेत; नुसती आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. तो वापरायचा तर आधी ईमॅक्स शिकावं लागतं आणि ईमॅक्स शिकणं म्हणजे दोन-दोन, तीन-तीन कळांच्या जोड्या बोटांत मुरवणं. लिहिता-वाचता येणाऱ्या कुठल्याही अंध माणसाला उद्यापासून वापरता येईल असं हे साधन नाही. पत्र पाठवायचं असो की बातमी वाचायची, सगळं एकाच घरात राहून करायचं. शेजारच्या घरात, म्हणजे साध्या विंडोज प्रोग्रॅमात, हा आवाज जात नाही. म्हणूनच महाराष्ट्रातल्या अंध विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर रामन यांचा प्रोग्रॅम सहसा दिसणार नाही. तिथं असतो जॉज किंवा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली लिहायला घेतला. तो सगळ्या घरांत जातो आणि फुकट आहे. व्यापक उपकार पाहिले तर करन यांचं पारडं जड आहे, यात शंका नको. पण एनव्हीडीए बोलत असताना मला वाचून दाखवणारा ऐकू येतो. ईमॅकस्पीक बोलतो तेव्हा खुद्द कॅलेंडर बोलतंय असं वाटतं. १२ एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहात ईमॅकस्पीकची नोंद झाली. संग्रहालयात गेल्यावरही तो थांबला नाही, पुढेही त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि त्यांपैकी कितीतरींना टोपणनावं श्वानांवरून पडली.

रामन २००५मध्ये गूगलमध्ये गेले. तिथं चार्ल्स चेन यांच्याबरोबर त्यांनी टचस्क्रीन फोनवर काम केलं. गुळगुळीत काच, बोटाला कळ लागत नाही, उंचवटा लागत नाही. अंध माणसानं आकडे दाबायचे कसे? काचेवर ठिपके चिकटवा, कोपऱ्यांवरून अंदाज घ्या, असले उपाय कुणालाही सुचले असते. त्यांनी उलट विचार केला. बोट पहिल्यांदा जिथं टेकेल ती जागा पाच. मग पाच कुठे आहे हा प्रश्नच राहत नाही. तिथून डावीकडे वर सरकलं की एक, सरळ वर दोन, उजवीकडे खाली नऊ. बोट सरकतं तसा आकडा ऐकू येतो, हवा तो आला की बोट उचलायचं. आकड्यांची मांडणी प्रत्येकाच्या बोटात आधीपासून असते, फक्त तिला मध्य हवा असतो. तो मध्य काचेनं ठरवण्याऐवजी बोटानं ठरवला. आकडा चुकला तर फोन नुसता हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जातो.

अँड्रॉइडमध्ये २००९पासून टॉकबॅक आला, आज तो खेड्यापाड्यातल्या स्वस्त फोनातही असतो आणि त्याचं काम चोख आहे. तिथं आकडे मात्र काचेवर नेमलेल्या जागीच असतात. बोट फिरवत, ऐकत, शोधायचे. पाचाला बोटाखाली आणणारी ती युक्ती रोजच्या फोनांत रुजली नाही. रस्ता ओलांडताना, पिशव्या सांभाळताना, एका हातानं फोन लावू पाहणाऱ्या डोळसांनाही ती हवी होती.